बीएलडीसी पंखा घ्यावा का, आणि घ्यायचा तर आधी कुठल्या खोलीत?

घरात बारा-चौदा तास फुल स्पीडवर फिरणारा जुना पंखा असेल, तर तो उतरवा आणि त्या जागी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस डीसी मोटरचा पंखा लावा. दीड ते दोन वर्षांत पैसे वसूल होतात. पाहुण्यांच्या खोलीतला, रात्री चार तास दोन नंबरवर चालणारा पंखा मात्र बंद पडेपर्यंत तसाच राहू द्या. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही. तिथे सगळ्या खोल्यांना एकच पाटी लावलेली असते: ‘विजेची ६५ टक्के बचत’.

हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या एका मॉडेलचं नाही. पुण्यातल्या दुकानांत सध्या अडीच ते साडेतीन हजारांत मिळणारा, १२०० मिमीचा म्हणजे बोलीभाषेतला ४८ इंची, रिमोटवर चालणारा, २८ ते ३५ वॅटचा पंखा डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे. भारतात अशा पंख्याची सुरुवात कोइमतूरच्या ‘सुपरफॅन’ने २०१२ मध्ये केली. पुढे ‘ॲटमबर्ग’ने २८ वॅटचा पंखा घरोघरी पोहोचवला, आणि आता क्रॉम्प्टन, हॅवेल्स, ओरिएंट अशा जवळपास सगळ्याच मोठ्या नावांकडे तो आहे. आतली रचना सगळ्यांची सारखीच, त्यामुळे गुणही सारखे आणि दुखणीही.

जुन्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्यात गेलेल्या विजेचा बराच भाग वाऱ्यात न जाता उष्णतेत जातो. तासभर फुल चाललेला जुना पंखा बंद करा, पाती थांबली की स्टुलावर चढून मधल्या डब्याला हात लावा. चांगलाच तापलेला लागतो. बीएलडीसीचा डबा जेमतेम कोमट असतो. त्याच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि एक छोटं सर्किट, ज्याला मेकॅनिक ‘कार्ड’ किंवा ‘बोर्ड’ म्हणतात, घरातली २३० व्होल्टची वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलून वाइंडिंगला पाळीपाळीने देतं. पंख्याची सगळी कमाई या बोर्डात आहे आणि बिघाडही बहुतेक वेळा तिथेच होतो.

आता हिशोब. जुना पंखा फुलवर साधारण ७५ वॅट घेतो, नवा २८. फरक ४७ वॅट. रोज १४ तास धरले तर महिन्याला जवळपास २० युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटच्या वर दर एकदम चढतो. वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवलं की १०१ ते ३०० या टप्प्यातलं युनिट बारा रुपयांच्या खाली सहसा पडत नाही. म्हणजे महिन्याला २३५-२४० रुपये. पंखा तीन हजारांचा असेल तर वसुलीला तेरा महिने लागतात. पण पुण्यात पंखा वर्षभर सारखा चालत नाही. मार्च ते जून फुल, पावसाळ्यात मध्यम, आणि नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत तो जवळपास बंदच. म्हणून वर दीड ते दोन वर्षं म्हटलं.

झोपण्याच्या खोलीचा हिशोब वेगळा. रात्री आठ तास, तीन नंबरवर. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर जुना पंखा तीन नंबरवर ७५ नाही, चाळीसच्या आसपास वॅट घेतो. बीएलडीसी त्याच वेगाला बारा-एक वॅट घेतो. फरक २८ वॅट, महिन्याला पावणेसात युनिट, म्हणजे फार तर ऐंशी रुपये. तीन हजार वसूल व्हायला चार वर्षं. जाहिरातीतली ६५ टक्के बचत खोटी नाही. वेग कमी झाला की टक्केवारी टिकते, पण वाचणारे वॅट घटतात, आणि बिल टक्क्यांवर येत नाही, युनिटवर येतं. (भिंतीवरच्या स्विचबोर्डावर जुना, डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर गोष्ट निराळी. तो वेग कमी करताना उरलेली वीज स्वतः उष्णतेत घालवतो. तिथे पंखा बदलायला पैसे नसतील तर निदान रेग्युलेटर तरी बदला; दोन-तीनशे रुपयांचं काम आहे.)

वाचलेली युनिटं नेहमी बिलाच्या वरच्या टोकाकडून कमी होतात, हेही लक्षात घ्या. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्याची २० वाचली तर ती सगळी महागड्या टप्प्यातली असतात. ९० युनिटवाल्याची तेवढीच वाचली तर पैसे जेमतेम निम्मे वाचतात. मागच्या बाराही महिन्यांचा वापर बिलावर छापलेला असतो. तो बघा आणि मग दुकानात जा.

दुकानातली तुलना आणखी एका ठिकाणी फसवते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं केलं. लेबलवर ‘सर्व्हिस व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो: मिनिटाला किती घनमीटर हवा फेकली, भागिले किती वॅट घेतले. १२०० मिमीच्या पंख्याला एक स्टार मिळवायलाही हा आकडा किमान ४ लागतो आणि पाच स्टारला किमान ६. याचा अर्थ आज नवा घेतलेला एक स्टारचा साधा पंखाही पन्नास-बावन्न वॅटच्या आसपास असतो, ७५ चा नाही. तेव्हा जुना चालू पंखा काढून बीएलडीसी लावणार असाल तर तुलना ७५ शी करा. पण नव्या घरासाठी पंखे घेताय आणि ‘साधा की बीएलडीसी’ हा प्रश्न आहे, तर तुलना ५० शी. मग बचत महिन्याला सव्वानऊ युनिट, १४ तास धरून, आणि किमतीतला फरक हजार-बाराशे. तरी हॉलसाठी एक-दीड वर्षात भरून निघतो. नव्या घरात सगळीकडे बीएलडीसी लावायला म्हणूनच आमची बिनशर्त मान्यता आहे.

लेबलवर फक्त स्टार बघू नका, हवेचा आकडाही बघा. मोठ्या खोलीसाठी मिनिटाला २२० घनमीटरच्या खालचा पंखा नको. काही कंपन्या वॅट कमी दाखवायला वेग आणि हवा दोन्ही कमी ठेवतात. मग मे महिन्यात घरातले म्हणतात, ‘वाराच लागत नाही’, आणि शेजारी टेबलफॅन चालू होतो. तिथे बचत संपली.

खरंच किती वीज जाते ते घरच्या मीटरवर मोजता येतं, वेगळं यंत्र लागत नाही. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, राउटर, सेटटॉप बॉक्स, आणि विसरू नका, इन्व्हर्टर. तो चार्जिंगला असेल तर सगळं गणित बिघडतं. आता फक्त पंखा फुलवर ठेवून दहा मिनिटं लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरवर ७५ वॅटला चाळीस वेळा दिवा लागेल, पन्नास वॅटला सत्तावीसच्या आसपास, २८ वॅटला पंधरा. तुमच्या मीटरचा आकडा वेगळा असेल तर मोजलेल्या संख्येला ६००० ने गुणा आणि त्या आकड्याने भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून २३० ने गुणणारे इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यात पॉवर फॅक्टर धरलेला नसतो, म्हणून पंखा जास्त वीज खातो असं दिसतं. त्यावर विसंबू नका.

बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पहिली आणि सगळ्यात महागडी: जुना रेग्युलेटर तसाच ठेवणं. बीएलडीसीला स्थिर, पूर्ण व्होल्टेज हवं; वेग बोर्ड स्वतः ठरवतो. वायरमध्ये रेग्युलेटर राहिला आणि घरात कुणी सवयीने तो तीनवर फिरवला, की बोर्डाला अर्धवट वीज मिळते. पंखा थांबून-थांबून सुरू होतो, बारीक टिकटिक येते, बोर्ड तापतो आणि काही आठवड्यांत जातो. ‘पाचवर ठेवा म्हणजे झालं’ हा सल्ला चुकीचा आहे, कारण घरात तो कुणीतरी फिरवणारच. रेग्युलेटर काढून टाका, दोन्ही वायरी जोडून पंखा ‘डायरेक्ट’ करा आणि मोकळ्या जागी ब्लँक प्लेट लावा. वीस-तीस रुपयांचं काम. रेग्युलेटर हवाच असेल तर त्यासाठीच बनवलेली मॉडेलं मिळतात, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं.

दुसरी चूक स्विचची. जुन्या वाड्यांत आणि चाळीत कुणी तरी कधी तरी केलेल्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर सापडतो. मग स्विच बंद असतानाही वर छताशी वायर जिवंत असते. स्विच बंद करून छतातल्या दोन्ही वायरींना टेस्टर लावा. एकीवर दिवा लागला तर आधी स्विचबोर्ड दुरुस्त करा, पंखा नंतर. आणि प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी फक्त स्विच नाही, एमसीबी खाली पाडा. हिरवी वायर अर्थिंगची. ती कापून मोकळी सोडायची नसते.

लटकवताना जुन्या पंख्याचं रबरी रीळ, नट-बोल्ट आणि स्प्लिट पिन पुन्हा वापरू नका, नव्या खोक्यात नवे असतात. बोल्टाचा नट आवळल्यावर स्प्लिट पिनची दोन्ही टोकं उलट दिशांना वाकवायची. हे दोन मिनिटांचं काम घाईत राहतं, आणि पंखा पडण्याच्या घटनांमागे बऱ्याचदा हीच पिन असते. पाती जमिनीपासून आठ फूट तरी आणि छतापासून फूटभर खाली हवीत. नव्या फ्लॅटमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं की खालचा दांडा कापावा लागतो आणि पाती सीलिंगला चिकटतात. वरून हवा ओढायला जागा उरत नाही, फुलवरही वारा लागत नाही आणि दोष पंख्याला दिला जातो. पंखा डुलत असेल तर छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंत पट्टीने अंतर मोजा. एखादं पातं चार-पाच मिलिमीटर वरखाली निघालं की तेच वाकलेलं आहे. दुसऱ्या पंख्याचं पातं लावू नका. तिन्ही पाती वजन जुळवून एकत्र दिलेली असतात.

रिमोट ही सोयही आहे आणि कटकटही. एकाच खोलीत दोन पंखे असतील तर एका रिमोटला दोन्ही दाद देतात, म्हणून बसवताना एका पंख्याची वीज बंद ठेवून दुसऱ्याचा रिमोट त्याच्याशी जोडून घ्यावा. पद्धत माहितीपत्रकात असते, बहुतेकांत स्विच चालू केल्यावर काही सेकंदांत एक बटण दाबून धरायचं असतं. घरात आजी-आजोबा असतील तर स्विच बंद-चालू करून वेग बदलता येणारंच मॉडेल घ्या. रिमोट गादीखाली गेला म्हणून कुणी रात्रभर घामाने भिजावं, हे चालणार नाही. रिमोटने बंद केलेला पंखाही थोडी वीज घेत राहतो, अर्धा-एक वॅट. बाहेरगावी जाताना भिंतीवरचा स्विच बंद करा.

आता कमकुवत बाजू. साध्या पंख्याचा कपॅसिटर गेला तर शंभराच्या आत तो तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांतही मिळतो आणि कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियनही बदलतो. बीएलडीसीचा बोर्ड गेला की तो त्याच कंपनीचा, बहुतेकदा त्याच मॉडेलचा लागतो. हमी संपल्यावर हजाराच्या आतबाहेर खर्च येतो, म्हणजे हॉलमधल्या पंख्याची चार-पाच महिन्यांची बचत. काही कंपन्या बोर्डावर राळ ओतून तो बंद करतात. दमट हवेत आणि धुळीत ते चांगलं, पण असा बोर्ड दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. बोर्ड मरतो तो मुख्यतः जादा व्होल्टेजने. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा, किंवा सोसायटीच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल सैल होऊन २३० चे साडेतीनशेच्या वर व्होल्ट जातात तेव्हा. दुसऱ्या प्रकारात एका रात्रीत मजल्यावरचे सगळे बोर्ड जातात. जिथे दिवे कधी मंद तर कधी भगभगीत होतात, तिथे नवे पंखे लावण्याआधी न्यूट्रलची जोडणी तपासून घ्या आणि मुख्य वीजपेटीत (डीबीत) सर्ज प्रोटेक्टर, एसपीडी, बसवून घ्या. उलट कमी व्होल्टेज या पंख्याला फारसं जाणवत नाही. संध्याकाळी १७०-१८० व्होल्टवर जुना पंखा रेंगाळतो, हा त्याच वेगाने फिरतो.

इन्व्हर्टर असलेल्या घराला तर हा पंखा घ्यायला दुसरं कारण शोधायला नको. पुण्यात गुरुवार म्हटलं की देखभालीसाठी वीज बंद. १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीतून, घट धरून, साधारण १००० ते ११०० वॅट-तास मिळतात. तीन जुने पंखे फुलवर चालवले तर पाच तासांच्या आत बॅटरी बसते. तीन बीएलडीसी अकरा-बारा तास चालतात. शिवाय स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जुना पंखा जो घुंऽऽ आवाज करतो, तो इथे नसतो.

सगळ्यात जास्त फायदा मात्र घरात नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका बघा. वीस पंखे, सोळा तास, सगळे फुल. जुने काढून नवे लावले तर महिन्याला साडेचारशे युनिट वाचतात. साठ हजारांचा खर्च एका वर्षाच्या आसपास वसूल होतो. तीच गोष्ट खानावळींची आणि पीजींची. आणि नेमकं तिथेच जुने पंखे जास्त दिसतात, कारण पंखा घेतो मालक आणि बिल भरतो भाडेकरू, किंवा बिल भाड्यात धरलेलं असतं. मालकाला स्वस्तातला पंखा परवडतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला दीड वर्षात वसूल होणारी वस्तू घ्यावीशी वाटत नाही. त्यावर उपाय साधा आहे: पंखा स्वतःचा घ्या, मालकाचा उतरवून माळ्यावर ठेवा, घर सोडताना अदलाबदल करा. पंखा चार स्क्रू आणि एका बोल्टावर लटकलेला असतो, सोबत नेता येतो. करारात मात्र तशी एक ओळ लिहून घ्या.

ही गाठ बाजाराने एकट्याने सुटत नाही, म्हणूनच धोरण लागतं. पुण्याच्या ‘प्रयास (ऊर्जा गट)’ या संस्थेने फार आधी असा प्रस्ताव मांडला होता की सर्वाधिक कार्यक्षम पंखे बनवणाऱ्या उत्पादकालाच थेट अनुदान द्यावं, म्हणजे दुकानातली किंमतच उतरेल. बाराव्या पंचवार्षिक योजनेत बीईईने ३५ वॅटच्या पंख्यांसाठी तसा कार्यक्रम आखलाही, पण तो कागदावरून फारसा पुढे गेला नाही. एलईडी बल्बच्या बाबतीत ते जमलं. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली, ईईएसएल या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली, आणि तीनशे रुपयांच्या वरचा बल्ब सरकारी खरेदीत दोन-तीन वर्षांत चाळीसच्या आत आला. पंख्यांसाठी ईईएसएलने तसा कार्यक्रम नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला, एक कोटी पंख्यांचं लक्ष्य ठेवून. किंमत बल्बसारखी कोसळणार नाही, कारण पंख्यात तांबं, चुंबक, पोलाद आहे. पण तीन हजारांचा दोन हजारांवर आला तरी झोपण्याच्या खोलीचा हिशोबही जुळू लागेल.

वीजव्यवस्थेच्या बाजूने बघितलं तर पंखा बल्बपेक्षा मोलाचा. तो संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळेत एकदम सगळ्या घरांत चालू असतो, आणि तेव्हा सौरऊर्जा मावळलेली असते. मे महिन्यात त्या चार तासांसाठीच महाग वीज शोधावी लागते. स्मार्ट मीटरवाल्या ग्राहकांना सवलत दिवसाच्या वापरावर मिळते. गिझर, पंप, वॉशिंग मशीन दुपारी लावता येतं, पंखा नाही. रात्रीच्या मागणीवर इलाज एकच, पंख्याचे वॅट कमी करणं. शिवाय तारांमधली गळती धरली तर घरात एक युनिट वाचलं की वीजकेंद्रात एकाहून जास्त युनिट तयार करायचं वाचतं. २००५-०६ चं भारनियमन ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा कारखान्यांची जनरेटर चालवून पुण्याने भारनियमन टाळलं आणि त्या महाग विजेचा बोजा जास्त वापर करणाऱ्या ग्राहकांच्या बिलात आला. तेव्हाही घरोघरी ७५ वॅटचेच पंखे फिरत होते.

खरेदी करताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: हमी बोर्डासह किती वर्षांची, मेकॅनिक घरी येतो की पंखा उतरवून केंद्रात न्यायचा, आणि हमीनंतर बोर्ड कितीला. दोन वर्षांच्या हमीचा पंखा तीनशे रुपयांनी स्वस्त असेल तर तो सोडा आणि घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या, तीन किंवा पाच वर्षांच्या हमीचा घ्या. पंखा वर चढवण्याआधी मोटरवरच्या स्टिकरचा, अनुक्रमांक दिसेल असा, फोटो काढून बिलासोबत ठेवा. तक्रार नोंदवताना तोच नंबर विचारतात, आणि पंखा लटकल्यावर तो वाचायला पुन्हा उतरवावा लागतो. उतरवलेला जुना पंखा गॅलरीत लावायचा मोह होतो. तिथे तो रात्रभर चालू राहिला तर वाचलेली युनिटं परत बिलात येतात. तो भंगारात द्या, आणि वाइंडिंग तांब्याचं आहे की ॲल्युमिनियमचं ते भंगारवाल्यासमोर खात्री करून घ्या, भावात बराच फरक पडतो.